जर्मन पासपोर्ट हातात आल्यावर नेमकं काय तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा, बायको आणि शाळकरी मुलगी अशा एका मराठी कुटुंबाला जर्मन नागरिकत्व मिळालं आहे आणि आता पासपोर्टसाठी अर्ज करायचे आहेत. पानाच्या तळाशी नाव वेगळंच का छापतात, आतल्या एवढ्या नक्षीकामाचा उपयोग काय आणि विमानतळावरचं स्वयंचलित दार काही जणांना का उघडत नाही, हे त्यांना समजून घ्यायचं आहे.

तिन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे. पासपोर्टमध्ये एकच माहिती मुद्दाम अनेक जागी ठेवतात: फोटोच्या पानावर छापलेली, तळाच्या दोन ओळींत यंत्रासाठी लिहिलेली, चिपमध्ये साठवलेली आणि क्रमांकाच्या बाबतीत कागदाला भोकं पाडून कोरलेली. तपासणारा माणूस किंवा यंत्र या जागा एकमेकींशी जुळतात का ते पाहतं. खोटा पासपोर्ट सापडतो तो बहुतेक वेळा इथेच, आणि खऱ्या पासपोर्टवाल्याला अडचण येते तीही इथेच. म्हणून अर्जाच्या आधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे. एकदा चुकीचं नाव गेलं की ते सगळीकडे तसंच उमटतं.

तर आधी नाव. जर्मन कायद्याला नावाचे दोनच भाग ठाऊक आहेत: एक किंवा अनेक व्यक्तिनावं आणि कुटुंबाचं नाव. मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, ही आपली पद्धत त्यात बसत नाही. 'स्नेहा अनिल जोशी' यातलं 'अनिल' तिथे स्नेहाचं दुसरं व्यक्तिनाव ठरतं. तिथपर्यंत ठीक आहे. खरी गाठ लग्नानंतर बसते. जन्मदाखल्यावर 'स्नेहा अनिल' आणि भारतीय पासपोर्टवर 'स्नेहा मंदार' असेल, तर जर्मन अधिकाऱ्याच्या दृष्टीने बाईंचं व्यक्तिनावच बदललं आहे. लग्नाने आडनाव बदलतं हे त्याला मान्य आहे, व्यक्तिनाव बदलतं हे त्याच्या चौकटीत नाही. अशा वेळी विवाहाचा दाखला, जुना पासपोर्ट आणि राजपत्रात नाव छापून आलं असेल तर तेही, असा सगळा गठ्ठा पहिल्याच भेटीत न्या.

यावर कायदेशीर उपाय आहे. नागरिकत्व मिळाल्यानंतर 'श्टांडेसआम्ट'मध्ये, म्हणजे जन्म-विवाह नोंदणी कार्यालयात, नाव जर्मन पद्धतीला जुळवून घेण्याचं निवेदन देता येतं. जर्मनीच्या नागरी कायद्याच्या प्रस्तावना अधिनियमातलं कलम ४७ त्यासाठीच आहे. कोणता शब्द व्यक्तिनाव आणि कोणता आडनाव ते त्यात ठरवता येतं आणि जर्मन पद्धतीत न बसणारा भाग वगळता येतो. ज्यांच्या भारतीय पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा आहे, त्यांनी तर हे टाळू नयेच. निवड विचार करून करा, कारण ती पुन्हा पुन्हा बदलता येत नाही. आणि हे पासपोर्टच्या अर्जाआधी उरका. नंतर केलं तर पासपोर्ट, ओळखपत्र, बँक, विमा, मुलीच्या शाळेतली नोंद, सगळं दुसऱ्यांदा करावं लागतं.

स्पेलिंगचा एक खड्डा फारसा कुणी सांगत नाही. जन्मदाखला फक्त देवनागरीत असेल, तर शपथबद्ध अनुवादक ठरलेल्या आंतरराष्ट्रीय लिप्यंतर पद्धतीने नाव रोमन अक्षरांत आणतो. मग दीर्घ स्वरांवर आडव्या रेघा येतात, 'श'च्या डोक्यावर तिरकी खूण येते आणि आयुष्यभर 'एसएच'ने लिहिलेला जोशी ओळखू येत नाही. महाराष्ट्रातल्या महापालिका मराठी आणि इंग्रजी असा द्विभाषिक दाखला देतात. तो आधीच मागवून घ्या आणि इंग्रजी स्पेलिंग भारतीय पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतंय ना ते पाहा.

आता फोटो आणि फी. १ मे २०२५ पासून जर्मनीत कागदी फोटो चालत नाही. नोंदणीकृत फोटोग्राफरकडून सुरक्षित मार्गाने थेट कार्यालयात पोहोचणारा किंवा कार्यालयातल्या यंत्रावर ६ युरो देऊन काढलेला डिजिटल फोटोच लागतो. दोन माणसांचे चेहरे संगणकावर एकमेकांत मिसळून एकाच पासपोर्टवर दोघांनी फिरायचं, या लबाडीला आळा घालण्यासाठी हा नियम आला. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला हा सर्वांत योग्य बदल आहे, कारण चेहरा जर अर्जातच खोटा असेल तर पुढची सगळी सुरक्षा त्या खोट्यालाच राखत बसते. चौकट ३५ × ४५ मिमी, त्यात मोठ्या माणसाचा चेहरा हनुवटीपासून वरपर्यंत ३२ ते ३६ मिमी. चेहरा सरळ, तोंड मिटलेलं, चष्म्यावर चकाकी नको. कपाळावरची टिकली अडत नाही, पण केस डोळ्यांवर आले तर फोटो परत येतो.

२४ वर्षं पूर्ण झालेल्यांना फी ७० युरो आणि मुदत १० वर्षं. त्याखालच्यांना ३७.५० युरो आणि ६ वर्षं. ३२ ऐवजी ४८ पानं हवी असतील तर २२ युरो जास्त, घाईचा पासपोर्ट हवा असेल तर ३२ युरो जास्त. वारंवार व्हिसाच्या देशांत जाणाऱ्याने ४८ पानांचाच घ्यावा. मुलांचा वेगळा पासपोर्ट १ जानेवारी २०२४ पासून बंद झाला आहे, तेव्हा मुलीलाही हाच चिपवाला मिळेल. सहा वर्षांवरच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेतात आणि दहा वर्षांपासून सही लागते. ठसे दोन बोटांचे, शक्यतो दोन्ही तर्जन्यांचे. ते फक्त चिपमध्ये राहतात. पासपोर्ट हातात दिला की कार्यालयाने ते पुसून टाकायचे असतात. स्वयंपाकाने, बांधकामाने किंवा त्वचेच्या आजाराने बोटं घासलेली असतील तर दोन दिवस आधीपासून साधं मलम लावत जा. कोरड्या, भेगा पडलेल्या बोटांचा ठसा फिकट येतो आणि त्रास पुढे होतो.

आता पुस्तिका. सगळे जर्मन पासपोर्ट बर्लिनमधल्या 'बुंडेसड्रुकराय' या सरकारी छापखान्यात तयार होतात. १८७९ साली राइशचा, म्हणजे तेव्हाच्या जर्मन साम्राज्याचा छापखाना म्हणून सुरू झालेली ही संस्था २००० मध्ये खासगी झाली आणि २००९ मध्ये सरकारने ती परत विकत घेतली. पासपोर्ट छापणारा हात कुणाचा, हा प्रश्न पैशांपुरता नसतो, हे उशिरा का होईना पटलं. पश्चिम जर्मनीचा जुना पासपोर्ट गडद हिरवा होता. १९८१ मध्ये युरोपीय समुदायाच्या देशांनी सारख्या नमुन्यावर एकमत केलं आणि १ जानेवारी १९८८ पासून जर्मनीत मरून पुस्तिका आली. तो ठराव बंधनकारक नव्हता, म्हणून तर क्रोएशिया आजही युरोपीय संघात राहून निळा पासपोर्ट देतो. चिप १ नोव्हेंबर २००५ ला आली, बोटांचे ठसे १ नोव्हेंबर २००७ ला, आणि सध्याची पिढी १ मार्च २०१७ पासून चालू आहे. हिरवं वेष्टण आजही दिसतं, पण ते तात्पुरत्या पासपोर्टचं. तो फार तर एक वर्ष चालतो, त्यात चिप नसते आणि त्यावर व्हिसाशिवाय अमेरिकेला जाता येत नाही.

बंद पुस्तिकेचा आकार १२५ × ८८ मिमी. जगभर हाच आहे, म्हणून सगळ्या देशांची यंत्रं सगळे पासपोर्ट वाचू शकतात. आतलं फोटोचं पान २०१७ पासून पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे एका टणक प्लॅस्टिकचं आहे. या पानाचं मर्म समजून घेण्यासारखं आहे. पॉलिकार्बोनेटचे अनेक पातळ थर एकावर एक ठेवून उष्णता आणि दाबाखाली एकजीव करतात. गोंद वापरतच नाहीत. त्यामुळे पातं घालून थर सुटे करायला गेलं तर पानच फाटतं. जुन्या पासपोर्टांत कागदावर छापून वर पारदर्शक पापुद्रा चिकटवत. तो पापुद्रा उचलून खालचा फोटो बदलणं हा जगातला सर्वांत जुना धंदा होता. लेझरने पॉलिकार्बोनेटवर लिहिताना शाई लागतच नाही. किरण आतल्या थरात शिरून तिथलं प्लॅस्टिक काळं करतो. म्हणून अशी अक्षरं खरवडून निघत नाहीत, कारण ती पृष्ठभागावर नसतातच.

कागदाच्या पानांना युरोपीय संघाच्या २२५२/२००४ या नियमाने किमान अटी घातल्या आहेत. कागदात चकाकी आणणारं रसायन नको, दोन छटांचा वॉटरमार्क हवा, रसायनाने अक्षरं पुसायला गेलं तर डाग पडेल असा लेप हवा, सुरक्षा तंतू हवेत. घरी तपासायला ३६५ नॅनोमीटरचा साधा जंबुपार (यूव्ही) दिवा पुरतो. अंधारात तो आधी घरातल्या छपाईच्या कागदावर धरा: निळसर पांढरा लखलखाट दिसेल. मग पासपोर्टच्या आतल्या पानावर धरा: कागद मंद, काळपट राहतो आणि त्यावर फक्त चमकणारे तंतू आणि गुप्त छपाई उजळते. पान सगळंच्या सगळं उजळलं तर तो कागद पासपोर्टचा नव्हे.

दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर पानावरची बारीक वळणदार नक्षी पाहा. प्रत्येक रेघ अखंड आहे, ठिपक्यांशिवाय सलग रंगाची आहे, आणि डावीकडून उजवीकडे जाताना तिचा रंग हळूहळू दुसऱ्या रंगात मिसळत जातो. छपाईयंत्राच्या रुळावरच दोन शाया शेजारी-शेजारी सोडून ही छटा मिळवतात. घरचा प्रिंटर ही रेघ काढूच शकत नाही. तो निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके पसरतो आणि भिंगाखाली रेघेची कड फुटते. जी रेघ नुसत्या डोळ्यांना वाटते तीच भिंगाखाली कधी कधी अक्षरांची ओळ निघते. झेरॉक्समध्ये ती अक्षरं चिकटून काळी होतात. ही नक्षी शोभेची आहे असं मानणारे पुष्कळ आहेत. खरं तर आतल्या पानांतला सर्वांत कठीण भाग तोच आहे आणि त्याला यंत्र लागत नाही, नजर लागते.

शिवण आणि भोकंही पाहा. पुस्तिका मधोमध शिवलेली असते. टाके समान अंतरावर, धागा एकसंध. एखादं पान काढून दुसरं घातलं तर टाक्यांची जुनी भोकं रिकामी दिसतात. पानांमधून आरपार कोरलेला क्रमांक फोटोच्या पानावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे.

आता तळाच्या दोन ओळी. प्रत्येक ओळीत ४४ जागा, रिकाम्या जागी कोनाची खूण (<). पहिल्या ओळीतल्या पहिल्या पाच जागा दस्तऐवजाचा प्रकार आणि देश यांसाठी, उरलेल्या ३९ नावासाठी. नाव त्याहून लांब असेल तर कापलं जातं. जर्मनीचा देशसंकेत इतरांसारखा तीन अक्षरी नाही, नुसतं 'डी' आणि दोन कोन. काही संकेतस्थळांचे अर्ज तीन अक्षरं मागतात आणि त्यावर अडतात. तिथे यादीतून देश निवडा, हाताने लिहू नका. डोक्यावर दोन टिंबं असलेल्या जर्मन स्वरांचं इथे रूपांतर होतं: टिंबवाला 'यू' म्हणजे 'यूई', टिंबवाला 'ओ' म्हणजे 'ओई', टिंबवाला 'ए' म्हणजे 'एई' आणि जर्मन दुहेरी 'एस' म्हणजे दोन 'एस'. वर मूळ स्पेलिंग आणि खाली हे, यात चूक नाही. विमानाचं तिकीट, अमेरिकेची ऑनलाइन परवानगी, भारताचा ई-व्हिसा, सगळीकडे खालच्या ओळीतलं स्पेलिंग द्या. जन्माचं आडनाव वर वेगळ्या नोंदीने छापतात, खालच्या ओळींत नसतं. लग्नाआधीचं आडनाव तिकिटात घालू नका.

पासपोर्ट क्रमांक नऊ जागांचा, अंक आणि अक्षरं मिश्र. त्यात स्वर नसतात, आणि 'बी', 'डी', 'क्यू', 'एस' हीही अक्षरं नसतात, कारण ती ८, ० आणि ५ सारखी दिसतात. तेव्हा गोल आकृती दिसली की ते नेहमी शून्यच. 'ओ' टाइप केल्याने फेटाळलेले अर्ज कमी नाहीत.

दुसऱ्या ओळीत क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत यांच्या मागे प्रत्येकी एक पडताळणीचा अंक असतो. तो तुम्हीही काढू शकता. जर्मन सरकारच्या नमुना पासपोर्टवर जन्मतारीख १२ ऑगस्ट १९६४ आहे, म्हणजे ६४०८१२. अंकांना डावीकडून ७, ३, १, ७, ३, १ ने गुणा: ४२, १२, ०, ५६, ३, २. बेरीज ११५. दहाने भागून उरतात ५, तोच पडताळणीचा अंक. अक्षरांना 'ए' म्हणजे १० पासून 'झेड' म्हणजे ३५ पर्यंत किंमत. नमुन्याचा क्रमांक सी०१एक्स००टी४७. 'सी' १२, 'एक्स' ३३, 'टी' २९ धरून बेरीज ५३८ येते, अंक ८. तारखेतला एक आकडा बदलला की हा अंक बिघडतो. पण ही पद्धत पोलादी नाही. शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल केली आणि त्यांच्यात ५ चा फरक असेल, उदाहरणार्थ १६ चे ६१, तर अंक तोच राहतो. नावाला तर पडताळणीचा अंकच नाही. ती उणीव चिप भरून काढते.

चिप १३.५६ मेगाहर्ट्झवर चालते, तिला बॅटरी नसते, वाचणाऱ्या यंत्राच्या क्षेत्रातूनच ती वीज घेते. तिच्यात पहिल्या गटात तळाच्या त्याच दोन ओळी, दुसऱ्यात चेहऱ्याचं चित्र, तिसऱ्यात ठसे. या सगळ्यावर देशाची डिजिटल सही असते. एक अक्षर बदललं तरी सही तुटते. खिशातल्या बंद पासपोर्टमधून कुणी येता-जाता माहिती काढू शकत नाही, कारण चिप उघडायची किल्ली क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत यांतूनच तयार होते. म्हणजे आधी पान दिसलं पाहिजे. ठशांसाठी वाचणाऱ्या यंत्राला वेगळं प्रमाणपत्र लागतं.

दार का उघडत नाही, ते इथून कळतं. पान नीट टेकवलं नसेल, प्लॅस्टिकचं कव्हर चढवलेलं असेल, त्यामुळे काचेवर चकाकी आली असेल किंवा तळाच्या ओळींवर ओरखडा असेल, तर किल्लीच बनत नाही आणि चिप गप्प राहते. कव्हर काढा, फोटोचं पान काचेवर सपाट दाबा, दार उघडेपर्यंत हलवू नका. धातूचा थर असलेल्या पाकिटातून तर पुस्तिका बाहेर काढावीच लागते. किल्ली बनली पण चेहरा जुळला नाही, तर टोपी आणि चष्मा काढून सरळ कॅमेऱ्याकडे पाहा. तरीही लाल दिवा आला तर अधिकाऱ्याच्या खिडकीवर जा. चिप पूर्ण बंद पडली तरी जर्मन कायद्यानुसार पासपोर्ट वैध राहतो. मात्र रांग दर वेळी लांबच मिळेल, तेव्हा बदलून घेतलेला बरा.

पासपोर्ट घ्यायला जाल तेव्हा काउंटरवरच पाच मिनिटं थांबा. नावाचं स्पेलिंग वर आणि खाली, जन्मतारीख, जन्मस्थान, उंची, डोळ्यांचा रंग, राहण्याचं गाव, सही आणि मुदत, एवढं तिथेच वाचा. चिपमधली माहिती दाखवा असं सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे, कार्यालयात त्यासाठी वाचणारं यंत्र असतं. चूक तिथेच दाखवली तर सुधारणा सोपी. घरी नेऊन महिनाभराने सांगितली तर कुणाची चूक यावर पत्रव्यवहार होतो. मुलीचा पासपोर्ट सहा वर्षांचा असला तरी मध्येच चेहरा इतका बदलला की ओळख पटेना, तर तो मुदतीआधीच निकामी धरतात. शाळकरी वयात हे लवकर घडतं.

पुस्तिकेवर पर्यटनस्थळांचे गमतीचे शिक्के मारून घेऊ नका. त्यापायी प्रवेश नाकारला जाऊ शकतो. हरवल्याची तक्रार दिली आणि मग पासपोर्ट कपाटात सापडला, तर तो घेऊन निघू नका. तो शेंगेन (आपसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांचा गट) आणि इंटरपोलच्या यादीत चढलेला असतो. आधी कार्यालयात कळवा.

शेवटची गोष्ट भारताच्या बाजूची. २७ जून २०२४ पासून जर्मनी दुहेरी नागरिकत्वाला हरकत घेत नाही, पण भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार जर्मन नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपतं. भारतीय पासपोर्टवर त्यानंतर प्रवास करू नका, तो वकिलातीत जमा करून दाखला घ्या आणि ओसीआयसाठी, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत देतो त्या कार्डासाठी, अर्ज करा. ओसीआयच्या अर्जातलं नाव जर्मन पासपोर्टच्या नावाशी जुळलं पाहिजे, म्हणून श्टांडेसआम्टचं काम आधी, जर्मन पासपोर्ट मग, आणि ओसीआय त्यानंतर. मुलीचा जर्मन पासपोर्ट बदलेल तेव्हा वीस वर्षांची होईपर्यंत दर वेळी नव्या पासपोर्टची प्रत आणि नवा फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर तीन महिन्यांच्या आत चढवायचा असतो.